सक्सेशन डीड आणि दहावी ‘अ’

बाबा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याचं घर, मागचं भाट म्हणजे बागायत आणि विहीर त्यांच्या नावावर होती. आई तिथंच राहते, बहीण म्हापशाला असते, मी ठाण्यात. कुणाचं कुणाशी भांडण नाही, कर्ज नाही, मृत्युपत्र नाही. तरी ते घर कागदोपत्री आमच्या नावावर यायला जानेवारी २०२५ उजाडला. मध्ये काय काय लागलं आणि कुठं कुठं थांबावं लागलं ते लिहून ठेवतोय, कारण गोव्याबाहेर पोटापाण्याला गेलेल्या आणि गावी वडिलांचं घर असलेल्या बऱ्याच जणांचं घोडं इथंच अडतं. दुसरं कारण म्हणजे या कामात ज्यांनी मला हात दिला ती सगळी माझ्या वर्गातली. फोंड्यातली मराठी शाळा, १९८८ ची दहावी, तुकडी ‘अ’. इतकी वर्षं ही मंडळी मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातापुरतीच ठाऊक होती.

महाराष्ट्रात राहून डोक्यात सातबारा, तलाठी, फेरफार पक्कं बसलेलं. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी ‘फॉर्म एक आणि चौदा’ असतो. बोलताना सगळे ‘वन अँड फोर्टीन’च म्हणतात. त्यावरचं नाव बदलायला म्युटेशन करावं लागतं. पण म्युटेशनला हात घालण्याआधी गेलेल्या माणसाचे वारस कोण हे सांगणारा नोंदणीकृत दस्त हवा. तो म्हणजे सक्सेशन डीड. हे मला कळलं वर्गातल्या एका मुलीकडून. मुलगी म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली वकीलबाई. शाळेत ती खिडकीजवळ बसायची आणि हजेरीच्या ‘उपस्थित’पलीकडे तिचा आवाज ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

फोंड्याला तिस्कावर, पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. २०२४ च्या जानेवारीत गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि आतून तिचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. “सय कर म्हण सांगतकच सय करूं नाका! पयलीं वाच!” सही करण्याआधी वाच म्हणून कुणा म्हाताऱ्याला ती कोंकणीत दटावत होती. मी दारातून डोकावलो. तिनं ओळखलं, हसली, आणि बाकाकडे बोट दाखवलं. पाऊण तासानं माझा नंबर लागला. शाळेच्या गप्पा दोन मिनिटांत उरकल्या. मग ती म्हणाली, “फी आत्ताच सांगते. नंतर तुला विचारायला संकोच वाटेल आणि मला सांगायला.” एका कागदावर आकडा लिहून तिनं माझ्याकडे सरकवला. मला बरं वाटलं. ओळखीच्या माणसाकडे काम दिलं की पैशांचा विषय शेवटपर्यंत लोंबकळत राहतो, तो पहिल्याच दिवशी मिटला.

तिनं समजावलेलं थोडक्यात असं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगीज काळचा नागरी कायदा इथं चालू राहिला. त्यातला वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला. या पद्धतीत लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. म्हणजे घराचा अर्धा हिस्सा आईचाच होता, तो तिला बाबांकडून ‘मिळालेला’ नाही. उरलेल्या अर्ध्याचे वारस मी आणि बहीण, दोघं सारख्या वाट्याचे. शिवाय आम्हा दोघांच्या जोडीदारांची नावंही कागदावर येतात. माझी बायको साखळीची, लग्नाची नोंदणी गोव्यातच झालेली. नवऱ्याच्या घरात कायद्यानं आपलंही नाव असतं हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं. तिनं ते मला कधी सांगितलं नाही एवढंच.

वारसांत एकमत असेल आणि फक्त वारस कोण एवढंच ठरवायचं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे, तिथल्या विशेष नोटरीसमोर हा दस्त होतो. वाटे पाडायचे असतील आणि त्यावरून वाद असेल, तर कोर्टात इन्व्हेंटरीची कारवाई करावी लागते. ती वेगळी आणि लांबलचक. तुमचं प्रकरण यांतलं कुठलं, हे पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा.

कागद लागले ते असे: बाबांचा मृत्यूचा दाखला, आईबाबांच्या लग्नाचा दाखला, आम्हा भावंडांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले, सगळ्यांची आधार कार्डं. लग्नाचा दाखला ज्या तालुक्यात नोंदणी झाली तिथून काढावा लागतो, त्यामुळे बहिणीचा म्हापशाहून, माझा डिचोलीहून, कारण साखळी डिचोली तालुक्यात येते. नकला काढताना एकाच्या जागी तीन-चार काढून घ्या. पुढे बँक, पंचायत, वीज खातं, प्रत्येकाला एकेक लागते.

अडलं ते बाबांच्या नावावर. बाबांचा जन्म १९३८ चा, म्हणजे नोंद पोर्तुगीजमध्ये. त्या कारकुनांनी ‘श’च्या जागी एक्स लिहिलेला, आडनाव त्यांच्या उच्चारानं. सत्तरच्या दशकातल्या मोजणीत, म्हणजे फॉर्म एक आणि चौदावर, नाव निराळं. मृत्यूच्या दाखल्यावर आणखी निराळं. ही तिन्ही नावं एकाच माणसाची, हे कागदानं दाखवायला हवं होतं. जन्माची जुनी नोंद पणजीला पुराभिलेख खात्यात मिळाली. या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ सालची, पण तिथं रांगेत उभं राहिलं की इतिहासापेक्षा पासपोर्टचीच चर्चा जास्त ऐकू येते. आजोबा-पणजोबांची जन्मनोंद शोधून पोर्तुगालचं नागरिकत्व घ्यायला निघालेले लोक तिथं कायम असतात. अर्ज करताना गाव, अंदाजे साल आणि आईवडिलांची नावं जवळ ठेवा. नुसत्या नावावरून शोधायला बसलात तर दिवस जातो.

नोंदीचं भाषांतर करणाराही आमच्याच बाकावरचा निघाला. शाळेत त्याला संस्कृतचे शब्द चालवायचं वेड होतं. आम्ही मधल्या सुट्टीत आवाठात आंबे पाडायचो तेव्हा हा भिंतीला टेकून ‘मरुत् मरुतौ मरुतः’ पुटपुटत असायचा, आणि आम्ही त्याला त्यावरून पुरेसं छळलेलं आहे. पुढे तो गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकला. आता पणजीत माळ्यावर एका खोलीत बसून जुने दस्त वाचतो. वकील, जमीनवाले, पोर्तुगालची तयारी करणारे, सगळे त्याच्याकडे येतात.

तो वाचतो कसं ते मी जवळ बसून पाहिलं. शाई फिकटलेली, अक्षर तिरकं, निम्मे शब्द आखडून लिहिलेले. त्यानं पान खिडकीकडे धरलं आणि पहिल्यांदा मजकूर न वाचता नुसती सही पाहिली. म्हणाला, “हा कारकून ‘र’ असा काढतो, बघ. आता पुढचं सगळं लागेल.” मग पेन्सिलीनं कोऱ्या कागदावर त्या कारकुनाची अक्षरं एकेक करून उतरवली, आमच्या नोंदीत नव्हती तीसुद्धा, कारण त्याच हातच्या दुसऱ्या नोंदी त्यानं पूर्वी वाचलेल्या. अर्ध्या तासात बाबांचा जन्म, वार, वेळ, आजोबांचा धंदा, साक्षीदारांची नावं, सगळं समोर आलं. आजोबांचा धंदा ‘शेतकरी’ लिहिलेला. घरात आम्ही आजवर ते दुकानदार होते असं ऐकत आलो होतो.

बहिणीनं फोनवरून सुचवलं, “भाषांतरात नाव आधारप्रमाणेच लिहून टाक म्हणावं, म्हणजे प्रश्नच मिटला.” तो शांतपणे म्हणाला, “तिला सांग, कागदावर जे आहे तेच मी लिहिणार. खाली टीप देतो की हे अक्षर त्या काळात या उच्चारासाठी वापरायचे.” त्या टिपेवर आणि ‘एकच व्यक्ती’ असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर काम भागलं. पानामागे पैसे घेतले, पावती दिली.

आता मुख्य गोष्ट. डीडसाठी तीन माणसं लागतात. ती अधिकाऱ्यापुढे जबाब देतात की अमुक माणूस गेला, त्याची बायको ही, मुलं ही, आणि यांच्याखेरीज हक्क सांगणारा दुसरा कुणी नाही. ही तीन माणसं वारस नकोत, वारसांची नातेवाईक नकोत, पण घर नीट ओळखणारी हवीत. आणि अधिकाऱ्याला विश्वासार्ह वाटायला हवीत. बांदिवड्यात आमच्या आसपास चुलते, मावसभाऊ आणि त्यांचे व्याही. बाबांच्या वयाचे शेजारी आता जिना उतरत नाहीत. मी वकीलबाईंना म्हटलं, माणसं कुठून आणू? ती म्हणाली, “वर्गात चाळीस जण होतो ना आपण?”

बाबा कदंबवर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, चालक होते, फोंडा–मडगाव मार्गावर. वर्गातल्या निम्म्यांनी त्यांच्या गाडीतून फुकट नाही पण उभ्यानं बराच प्रवास केलेला. दुपारी आमच्याकडे येऊन सोलकढी-भात जेवलेलीही बरीच. तिघांना विचारायचं ठरवलं आणि तिथं मात्र जीभ अडखळली. इतक्या वर्षांत ज्यांच्या लग्नांना गेलो नाही, ज्यांचे आईवडील गेल्याचं ग्रुपवर कळल्यावर दोन हात जोडलेले टाकून मोकळा झालो, त्यांना सांगायचं की माझ्यासाठी अर्धा दिवस मोडा आणि सरकारसमोर माझी हमी घ्या. तिघंही हो म्हणाली. प्रत्येकाची अट मात्र होती.

पहिला सावईवेरे गावचा. शाळेत त्याला गणितात कधी पस्तीस पडले नाहीत. बाकावर त्याचं बूड टिकायचं नाही. एप्रिलमध्ये त्याला भेटायला त्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत गेलो तेव्हा तो जायफळाच्या कलमांत होता. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर झाड कुठलं निघालं हे कळायला काही वर्षं जातात, आणि नर निघाला की तेवढी वर्षं वाया. म्हणून हा चांगल्या मादी झाडाच्या काड्या घेऊन कलमं बांधतो. धारदार पात्यानं एक तिरका छेद, त्यात पाचरीसारखी तासलेली काडी, वर प्लास्टिकच्या पट्टीचे वेढे. बोटं थांबली नाहीत, बोलणंही नाही. मध्येच पाण्याचा पाट कुठं किती उंचीवर वळवला आणि त्यामुळे कुठल्या पोफळींना किती पाणी जादा मिळालं, याचा हिशेब तोंडी सांगून गेला. पस्तीस न पडणारा तोच हा. मी ठाण्यात दिवसभर स्प्रेडशीट भरतो आणि मला त्या पाटाच्या हिशेबात दोनदा त्याला थांबवावं लागलं. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

त्याची अट: “मिरगाच्या तोंडावर बोलावू नको.” पाऊस लागायच्या वेळी पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी करायची असते, नाहीतर कोळे रोगानं सुपारी गळून जाते. चढणारी माणसं त्या आठवड्यात मिळाली तरच मिळतात.

दुसरी गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, अपघात विभागात सिस्टर इन-चार्ज. शाळेत पालीला घाबरून बाकावर चढायची. ती म्हणाली, ड्युटीचा तक्ता लागल्यावर तारीख सांगेन, त्याआधी हो म्हणणार नाही, आणि माझ्यासाठी कुणाशी ड्युटी बदलणार नाही. तिला फोन केला तर मागून स्ट्रेचरची खडखड आणि कुणाचं तरी रडणं. ती एका बाजूनं मला आणि दुसऱ्या बाजूनं कुणाला तरी उत्तर देत होती, दोन्ही उत्तरं बरोबर माणसाला पोचत होती.

तिसरी मुख्याध्यापिका. तिची अट सगळ्यांत सोपी वाटली: मसुदा आधी पाठव. पाठवला. दुसऱ्या दिवशी लाल शाईत परत आला. बहिणीचं लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी चुकीचं पडलं होतं, टायपिंगमध्ये, आणि वकिलाच्या, कारकुनाच्या, आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. डीड झाल्यावर ते सापडलं असतं तर दुरुस्तीचा दस्त करावा लागला असता. तेव्हा मसुदा एखाद्या मास्तराच्या हाती द्या, हा माझा खरा सल्ला. समासात तिनं ‘वाचलं’ असं लिहून सही केली होती, आमच्या वहीवर बाई करायच्या तशी.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. निवडणुकीच्या कामावर सरकारी माणसं जातात, म्हणून एप्रिल-मेचा नाद सोड, असं वकीलबाईंनी आधीच बजावलेलं. मग पाऊस, फवारणी, ड्युटीचा तक्ता, शाळा उघडल्यानंतरची धांदल. सगळ्यांतून जून अखेरीचा एक दिवस निघाला. मी कोंकणकन्येनं मडगावला उतरून कदंबनं फोंड्याला आलो. तिघं माझ्याआधी येऊन सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसच्या व्हरांड्यात उभी, छत्र्या झटकत. बाराच्या पुढे बोलावणं आलं. मूळ कागद आणि आधार प्रत्येकानं आपापलं आणायचं, झेरॉक्स नव्हे, मूळ. पाण्याची बाटली आणि चष्मा विसरू नका. वाचायला चष्मा लागतो आणि आमच्या वयाला तो तिघांत दोघांनी गाडीत ठेवलेला असतो.

आत अधिकारीबाईंनी एकेकाला विचारलं. नाव, वय, पत्ता, व्यवसाय. कारकून टाइप करत होता. “व्यवसाय?” “बागायतदार.” “व्यवसाय?” “परिचारिका, सरकारी नोकरी.” “व्यवसाय?” “मुख्याध्यापिका.” ज्यांची मला फक्त टोपणनावं आणि परीक्षेतले नंबर माहीत होते, ती माणसं माझ्यासमोर सरकारी कागदावर उमटत होती. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो, कारण त्या क्षणी माझं तिथं काहीच काम नव्हतं. “मयताला तुम्ही कसे ओळखता?” असं विचारल्यावर मुख्याध्यापिका म्हणाली, “दहावीच्या परीक्षेला आम्ही त्यांच्या गाडीतून जायचो. पेपर असला की ते स्टॉपवर एक मिनिट जास्त थांबायचे.” हे मला माहीत नव्हतं. अधिकारीबाईंनी तेवढं कागदावर घेतलं नाही, ‘व्यक्तिशः ओळखतात’ एवढंच आलं.

मग दस्त वाचून दाखवला गेला. आई अर्ध्या हिश्श्याची मालकीण, आम्ही दोघं वारस, जोडीदारांची नावं. सह्या झाल्या. बागायतदाराच्या बोटांवर सुपारीचे डाग होते, सही मात्र शाळेतल्यासारखीच, शेपटी ओढून केलेली. बाहेर आल्यावर समोरच्या हॉटेलात पाव-भाजी आणि मिर्ची भजी झाली. बिल मी द्यायला लागलो तर सिस्टर म्हणाली, “दे रे बाबा, तुझंच काम होतं,” आणि पर्स मिटून टाकली.

पुढचं पटापट सांगतो. डीडनंतर स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी लागते: अमुक तारखेला अमुक वारले, मागे विधवा आणि अर्ध्या हिश्श्याच्या मालक अमुक, वारस अमुक. जाहिरातीचा दर जागेवर असतो, तेव्हा दोन-तीन पेपरांचे दर विचारून घ्या. हरकतीची मुदत गेल्यावर प्रमाणित नक्कल घेऊन ऑगस्टमध्ये मामलेदार कचेरीत म्युटेशनचा अर्ज टाकला. संबंधितांना नोटिसा जातात, त्यात शेजारचे हिस्सेदारही येतात. त्यांना आधी जाऊन तोंडी सांगून या. दारात अचानक नोटीस आली की सरळ माणूसही वकील गाठतो. ७ सप्टेंबरला चवथ म्हणजे गणेशचतुर्थी होती, त्याच्या आगेमागे कुठल्याच कामाची घाई करण्यात अर्थ नव्हता. चवथीला घरी गेलो तेव्हा सावईवेऱ्याहून माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायची, निम्मी फळं आली होती, न सांगता.

जानेवारीत फॉर्म एक आणि चौदावर आमची नावं चढली. प्रवास सोडून वकील, भाषांतर, नकला, जाहिरात मिळून खर्च ४० हजारांच्या आत राहिला. वकीलबाईंनी पहिल्या दिवशी लिहून दिलेला आकडाच घेतला, ना एक रुपया कमी, ना जास्त.

घरपट्टी पंचायतीत बदलून झाली. विजेचं बिल अजून बाबांच्या नावावर येतं. तिथला इंजिनियर आमच्याच बॅचचा आहे म्हणे, पण तुकडी ‘ब’. तेव्हा अर्ज खिडकीवर देऊन पोच घेतली आहे.